संस्थेचा, कंपनीचा अहवाल दिव्यांगांनाही वाचता यावा म्हणून : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपला की ऑडिटची घाई आणि ऑगस्ट उजाडला की अहवाल छापायची. पतसंस्था, सूतगिरण्या, साखर कारखाने, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, सगळ्यांचे अहवाल त्याच सहा-आठ आठवड्यांत आमच्या टेबलावर येऊन पडतात. हल्ली अहवालाबरोबर प्रश्नही येतात. ते विचारले गेले तसेच इथे घेतलेत, थोडी भाषा आवरून.

आमच्या सभासदांत अंध कोणीच नाही. मग हा खटाटोप कशाला?

सभासद नोंदवहीत नाव, पत्ता, वारस, शेअर्सची संख्या असते. दिसतं कसं, ऐकू येतं का, असा रकाना नसतो. तेव्हा ‘कोणी नाही’ याचा अर्थ ‘आम्ही कधी विचारलं नाही’ एवढाच. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यातले २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. ते सगळे काय तुमची संस्था टाळूनच राहतात?

शिवाय स्वतःला दिव्यांग म्हणवून न घेणारे कितीतरी. आयुष्य मागावर काढलेले आणि आता मोतीबिंदूने धूसर दिसणारे सभासद. साखरेने नजर उतरलेले. लाल आणि हिरवा वेगळा न ओळखणारे. हे बहुतेक पुरुष असतात आणि बहुतेकांनी ते घरातही सांगितलेलं नसतं. हात थरथरतो म्हणून फोनवर बारीक बटण दाबता न येणारे. सभेला येतात, अहवालाची गुंडाळी हातात धरून बसतात, सगळ्यांबरोबर हात वर करतात. मंजूर काय झालं ते संध्याकाळी नातवाकडून कळतं.

सुगम अहवाल म्हणजे नेमकं काय?

ज्याला जो आकडा हवा, तो त्याला दुसऱ्याची मदत न घेता सापडला पाहिजे. डोळ्यांनी, कानांनी, बोटांनी, कसाही. कर्ज थकबाकी किती हे शेजाऱ्याला विचारावं लागलं तर सभासद प्रश्न विचारायलाच बिचकतो, आणि काही ठिकाणी तेच सोयीचंही असतं म्हणा.

आम्ही पीडीएफ वेबसाइटवर टाकतो. तेवढ्याने भागत नाही का?

पीडीएफ उघडा, एक परिच्छेद निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. वाचता येणारं मराठी उमटलं तर अर्धी लढाई जिंकलीत. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची मिसळ उमटली तर तुमचा अहवाल जुन्या फॉन्टात आहे. काहीच निवडता आलं नाही तर तो नुसता फोटो आहे.

आपल्याकडचं मूळ दुखणं हा जुना फॉन्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्याआधीच्या काळातले. त्यांत पडद्यावर ‘सोलापूर’ दिसतं, पण फाईलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. डोळस माणूस मुखवटा बघतो. पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, पोटात काय आहे ते वाचतं. कानात पडतो तो अक्षरांचा खडखडाट. फोनवर शोधही लागत नाही. ‘लाभांश’ शोधलं तर उत्तर ‘शून्य निकाल’.

यात प्रेसवाल्यांचा आळस नाही. साखर पेठेत काय किंवा नव्या पेठेत काय, किती तरी वर्षं डीटीपी पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चाललं, आणि पेजमेकरला युनिकोड समजतच नाही. दर वर्षी मागच्या वर्षीचीच फाईल उघडून आकडे बदलायचे, ही रीत. त्यामुळे फॉन्ट वारसाहक्काने पुढे चालत आलाय.

मग जुन्या फॉन्टातली फाईल टाकून द्यायची?

नाही, बदलून घ्यायची. फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात. मात्र बदलून आलेला मजकूर डोळे झाकून छापू नका. रफार सरकतो, पहिली वेलांटी उडी मारते, ‘ऱ्या’ मोडतो, जोडाक्षरं सुटी होतात. ‘खर्च’चा रफार जाऊन ‘खच’ झालेला मी बघितलाय, आणि त्या वर्षीचे आकडे पाहता तोही शब्द बरोबरच होता.

एकदा स्वच्छ युनिकोड फाईल हातात आली की पुढची वर्षं तीच वापरायची. प्रेसला काम देताना पत्रात एक ओळ घाला: ‘मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि छपाईनंतर मूळ फाईल संस्थेला द्यावी.’ दुसरा अर्धा भाग विसरू नका. फाईल प्रेसकडेच राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

वर्डमधून पीडीएफ करताना काय सांभाळायचं?

प्रिंटचं बटण दाबून पीडीएफ करू नका. तसं केलं की मथळे कुठले, तक्ता कुठला ही सगळी आतली मांडणी गळून पडते आणि उरतो कागदाचा छाप. ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडा आणि पर्यायांत ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज’वर खूण आहे ना, ते बघा.

त्याच्या आधीचं काम वर्डमध्येच. मथळा म्हणजे नुसतं ठळक, मोठं अक्षर नव्हे. वर्डच्या ‘हेडिंग’ शैलीतून दिलेला मथळाच पडदावाचकाला मथळा म्हणून कळतो. त्याच्या आधारे माणूस एक कळ दाबत अध्यक्षांच्या मनोगतावरून थेट नफा-तोटा पत्रकावर उडी मारतो. नाहीतर मनोगत सगळं ऐकत बसावं लागतं. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे आवाज मराठी लागतो. रिकाम्या ओळी मारून पान पुढे ढकलू नका.

मराठीत एक जादा अडचण आहे. युनिकोड फाईलमधून नीट केलेल्या पीडीएफमध्येही कधीकधी जोडाक्षरं तुटतात. ‘जिल्हा’तली वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून पीडीएफच्या जोडीला तीच प्रत वर्डमध्ये किंवा साध्या वेबपानावर द्या. आमच्याकडे ऐकून वाचणारे बहुतेक जण वर्डची प्रतच मागतात.

ताळेबंदाचं काय? तो तर ठरलेल्या नमुन्यातच द्यावा लागतो.

छापील प्रतीत नमुना आहे तसा राहू द्या. ऐकून वाचायची प्रत वेगळी मांडा. का, ते एकदा कानाने ऐकलं की पटतं.

आपला नेहमीचा ताळेबंद आडवा: डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे जिंदगी व येणी, आणि दोन्हीकडे तपशिलाच्या आधी मागील वर्षाची रक्कम. डोळा पानभर फिरून हे जुळवतो. पडदावाचक ओळ धरून जातो, आणि ऐकू येतं असं: ‘बारा लाख चाळीस हजार, भागभांडवल, तेरा लाख दहा हजार, नव्वद हजार, रोख शिल्लक, एक लाख पाच हजार.’ आता सांगा, नव्वद हजार कशाचे?

दोन वेगळे तक्ते करा, एकाखाली एक. आधी भांडवल व देणी, मग जिंदगी व येणी. पहिला रकाना तपशिलाचा, दुसरा चालू वर्षाचा, तिसरा मागील वर्षाचा. पहिली ओळ शीर्षक-ओळ म्हणून नोंदवा. दोन-तीन रकाने जोडून एक केलेले नकोत. ‘रु. लाखात’ हे पानाच्या कोपऱ्यात बारीक टाकलेलं असतं, ते प्रत्येक रकान्याच्या मथळ्यात आणा, नाहीतर १२.४० म्हणजे बारा रुपये चाळीस पैसे. ‘वरीलप्रमाणे’साठी मारलेली दोन टिंबं ऐकून काही कळत नाही, शब्द पुन्हा लिहा. रिकामा रकाना सोडू नका. आपल्याकडे ‘निरंक’ हा इतका नेमका शब्द आहे, तो वापरा.

आणि कंस. हा धडा मी स्वतः ठेचकाळून शिकलो. एका संस्थेचा अहवाल सुगम करून दिला होता, मथळे-तक्ते सगळं जागच्या जागी. नजर गेलेल्या एका निवृत्त बँक कारकुनांना मी तो आदल्या रात्री पाठवला. सकाळी त्यांचा फोन: “अभिनंदन की हो, यंदा सव्वातीन लाख नफा दाखवलाय!” संस्था तोट्यात होती. हिशेबाच्या रिवाजाप्रमाणे तोटा कंसात टाकला होता, आणि एनव्हीडीए हा पडदावाचक नेहमीच्या सेटिंगवर कंस उच्चारतच नाही. त्यांनी ऐकलं ते अगदी बरोबर ऐकलं, चूक माझी. तेव्हापासून कंसातल्या प्रत्येक आकड्याआधी ‘तोटा’ किंवा ‘उणे’ असा शब्द घालतो.

आलेख काढून टाकायचे का?

अजिबात नाही. बौद्धिक अक्षमता किंवा वाचन-अडचण असलेल्या माणसाला आलेखच आधी कळतो. आलेखाला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत सांगणारी ओळ, जोडा. चित्रावर उजवं बटण दाबलं की वर्डमध्ये त्याची सोय आहे.

‘आलेख क्र. ३’ हा पर्यायी मजकूर नव्हे. आलेख बघून तुम्ही शेजारच्या संचालकाला जे सांगाल ते लिहा. नमुन्यादाखल: ‘टॉवेल विक्रीचा स्तंभालेख, एप्रिल ते मार्च. ऑक्टोबरपर्यंत दरमहा ४० लाखांच्या आसपास, नोव्हेंबरात ६२ लाख, जानेवारीपासून पुन्हा ४५ लाखांच्या खाली.’ त्याखाली आकड्यांचा छोटा तक्ताही असू द्या. शोभेच्या चित्राला, म्हणजे कोपऱ्यातल्या वेलबुट्टीला, पर्यायी मजकूर लागत नाही. ते शोभेचं म्हणून नोंदवायचं. अध्यक्षांच्या फोटोला मात्र नाव हवंच, तिथे कुणाचा विरोध होत नाही.

रंगांबद्दल काही नियम आहे का?

आहे, आणि तो मोजता येतो. वेबमजकुराच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उठाव, म्हणजे उजळ-गडदातला फरक, किमान ४.५ ला १ असावा लागतो, मोठ्या अक्षरांचा ३ ला १. आपल्याकडची आवडती जोडी, केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं, साधारण २.१ ला १ भरते. सपशेल नापास. त्याच केशरीवर काळी अक्षरं घेतली तर ९ च्या पुढे. मोजायची साधनं फुकट मिळतात.

दुसरी गोष्ट, नुसत्या रंगावर अर्थ सोडू नका. ‘लाल म्हणजे थकीत, हिरवा म्हणजे नियमित’ असं असेल तर रकान्यात ‘थकीत’, ‘नियमित’ हे शब्दही लिहा. आलेखात रंगांबरोबर नक्षी बदला: एक भरीव, एक तिरप्या रेघांचा. चादरीच्या गावात नक्षीची वानवा नसावी.

अक्षर केवढं ठेवावं?

छापील प्रतीत १४ पॉइंट. मोठ्या अक्षरांची प्रत वेगळी काढणार असाल तर १८ किंवा वर. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, दीडपट ठेवा. दोन्ही कडा जुळवण्याच्या हट्टाने शब्दांत भगदाडं पडतात, म्हणून डावी कड जुळलेली बरी. तिरपी अक्षरं टाळा. चकचकीत आर्ट पेपरवर उजेड परावर्तित होतो, कमी दिसणाऱ्याला तो त्रास देतो; साधा मॅट कागद घ्या.

ब्रेल प्रती किती छापाव्यात?

आधी विचारा, मग छापा. नजर गेलेल्या प्रत्येकाला ब्रेल येतं असं नाही. उतारवयात नजर गेली असेल तर बहुधा येत नाहीच. पण ज्याला येतं त्याला आकडे बोटाखाली हवे असतात, कारण ऐकलेला आठ अंकी आकडा लक्षात राहत नाही. एका छापील पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन जाड पानं होतात, म्हणून अख्ख्या अहवालाऐवजी ताळेबंद, नफा-तोटा आणि सभेचे विषय एवढं दिलं तरी चालतं, अर्थात वाचणाऱ्याला विचारून. ब्रेलची फाईलही युनिकोड मजकुरावरूनच होते. फोटोसाठी दहा प्रती छापून कपाटात ठेवू नका.

कर्णबधिर सभासदाला अहवाल वाचता येतोच की?

छापील वाचता येतो. पण हल्ली अहवालाचा अर्धा भाग पडद्यावर बोलला जातो: व्हिडिओ, अध्यक्षांचं भाषण, ऐनवेळचे खुलासे. व्हिडिओखाली मराठी कॅप्शन, म्हणजे बोललेलं लिहून दाखवणाऱ्या ओळी, द्या. आपोआप उमटणाऱ्या ओळी तशाच सोडू नका, त्यांत ‘ठेवी’चं काय वाट्टेल ते होतं. सभेला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावलात तर त्याला अहवाल आठवडाभर आधी द्या. ‘तरलता’, ‘अनुत्पादक कर्ज’ हे शब्द त्याला उभ्या उभ्या सुचणार नाहीत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते, मराठी दुसरी. लांबलचक वाक्यं त्यांना जास्त जाचतात.

भाषा सोपी केली तर अहवाल हलका वाटणार नाही का?

हा नमुना घ्या: ‘सदर आर्थिक वर्षात संस्थेस झालेल्या नफ्यातून मा. संचालक मंडळाच्या शिफारशीनुसार सभासदांस १० टक्के दराने लाभांश देण्याचे प्रस्तावित असून त्यास मान्यता असावी, ही विनंती.’ तेच असं: ‘संचालक मंडळाने १० टक्के लाभांश सुचवला आहे. सभेने मंजुरी द्यावी.’ हलकं काय झालं? हिशेबाचे शब्द बदलायला मी सांगत नाही. ‘घसारा’ घसाराच राहू दे, पहिल्यांदा आला तिथे एका ओळीत अर्थ द्या.

आमचे निम्मे कामगार तेलुगू बोलतात, काही कन्नड. तीन अहवाल काढायचे?

तीन अहवाल नकोत. दोन पानांचा सारांश तिन्ही भाषांत पुरतो. विडी आणि यंत्रमागाच्या कामात असलेल्या, पूर्व भागात राहणाऱ्या कुटुंबांत मराठी बोलता येतं पण वाचायला तेलुगूच सोपं, अशी माणसं आहेत. एकाच परिच्छेदात दोन लिप्या मिसळू नका, आणि प्रत्येक भाषेचा मजकूर त्या-त्या भाषेचा म्हणून नोंदवा. नाहीतर मराठी आवाज तेलुगू वाचायला जातो आणि गप्प बसतो.

लेखापरीक्षकांचा अहवाल सही-शिक्क्याचा असतो. तो स्कॅनच करावा लागतो ना?

स्कॅन ठेवा, पण सोबत त्याचा टाइप केलेला मजकूर जोडा आणि ‘सहीची प्रत कार्यालयात उपलब्ध’ असं लिहा. मजकूर लेखापरीक्षकांच्या कार्यालयात असतोच, फक्त मागावा लागतो. डिजिटल सही वापरली तर स्कॅनची गरजच पडत नाही. स्कॅनवरून मजकूर ओळखून घ्यायचा झाला तर आकडे हाताने ताडून बघा. १ आणि ९ यांची अदलाबदल ताळेबंदात परवडत नाही.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

मी वकील नाही, पण एवढं सांगू शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा, अंमल १९ एप्रिल २०१७पासून, आणि त्यात २१ प्रकारची अपंगत्वं येतात. कलम ४२ माहिती सुगम स्वरूपात मिळण्याबद्दल बोलतं, कलम ४६ सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही धरतं. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगमतेचे किमान नियम नुसते शिफारशीचे असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सुविधा वापरता येणं जगण्याच्या हक्काशी, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१शी, जोडलं गेलं. त्यानंतर ३१ जुलै २०२५ला सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने, आपल्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी परिपत्रक काढलं. गल्लीतल्या पतसंस्थेला सेबी लागू नाही, पण वारा कुठून वाहतोय ते दिसतंच.

खर्च किती येतो?

पहिल्या वर्षी फॉन्ट बदलणं आणि तक्ते नव्याने मांडणं, हे वेळखाऊ. दुसऱ्या वर्षी आकडेच बदलायचे. एनव्हीडीए फुकट आहे, वर्डमधली सुगमता तपासणी वर्डमध्येच आहे, पीडीएफ तपासणारं ‘पॅक’ही फुकट. वेबसाइटवर एक बटण बसवून ‘सगळं ॲक्सेसिबल करून देतो’ म्हणणारे येतील. त्या बटणाने तुमच्या पीडीएफमधला श्रीलिपी फॉन्ट सुधारत नाही. चहा पाजून वाटेला लावा.

तपासायचं कसं? आमच्यापैकी कुणाला हे येत नाही.

वर्डची तपासणी चालवा, पण पर्यायी मजकूर आहे की नाही ते ती सांगते, बरोबर आहे का ते नाही. मग एनव्हीडीए लावा, मॉनिटर बंद करा आणि स्वतःला एक काम द्या: मागील वर्षाची थकबाकी शोधायची. वेबपानाच्या प्रतीत एच कळ दाबली की पुढचा मथळा, टी दाबली की पुढचा तक्ता. पाच मिनिटांत सापडली नाही तर चूक फाईलमध्ये आहे.

त्यानंतर खऱ्या वाचणाऱ्याकडे द्या, आणि त्याला मेहनताना द्या. “तेवढं ऐकून बघा की” म्हणून दोन तासांचं काम शेंगाचटणीच्या पुडीवर करून घेतलं जातं, ते बरं नाही. हे हिशेबनिसाच्या तोडीचं काम आहे.

पाठवताना काय लक्षात ठेवायचं?

सगळ्यांना ज्या दिवशी अहवाल जातो त्याच दिवशी सुगम प्रतही गेली पाहिजे. सभेची नोटीस चौदा दिवस आधी आणि सुगम प्रत आदल्या संध्याकाळी, यात काही राम नाही. नोटीसचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकण्यापेक्षा तोच मजकूर टाइप करून टाका. फाईलचं नाव ‘फायनल_नवीन_२’ नको, ‘वार्षिक अहवाल २०२४-२५’ असू दे. पासवर्ड लावणार असाल तर पडदावाचकाला परवानगी आहे ना ते बघा. आणि सभासद अर्जात एक रकाना वाढवा: अहवाल कोणत्या स्वरूपात हवा? छापील, मोठी अक्षरं, वर्ड, ब्रेल, ध्वनी.

यंदाचा अहवाल छापायला गेलाय. आता काय करता येईल?

छपाई थांबवू नका. ताळेबंद आणि नफा-तोटा वर्डमध्ये वर सांगितल्याप्रमाणे उभे मांडा; हे एका दुपारचं काम आहे. सभेपुढच्या विषयांची यादी साध्या मजकुरात टाइप करा. दोन्ही मिळून एक फाईल, ती आजच गटावर टाका, आणि खाली लिहा: ‘वाचायला अडचण आल्यास कार्यालयात फोन करा, वाचून दाखवू.’ फोन कोण उचलणार ते ठरवून ठेवा, कारण फोन येतो. मग प्रेसवाल्याला गाठा आणि मूळ फाईल पेनड्राइव्हवर मागून घ्या, दिवाळीच्या कामात ती हरवायच्या आत.